गाळलेल्या जागा भरता येतात, मग चार वाक्यं का लिहिता येत नाहीत?

पत्र:

बाई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. शाळा मराठी, पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. इंग्रजीत मार्क चांगले पडतात. रोज दहा शब्द स्पेलिंग-अर्थासकट पाठ करते, काळ ओळखते, व्याकरणाची दोन पुस्तकं सोडवून झाली. पण परवा शाळेत ‘माझा रविवार’ स्वतःच्या मनाने लिहायला सांगितला, तर पानभर लाल गोल. ते पान सोबत जोडते आहे. तेव्हापासून म्हणते, मला इंग्रजी येतच नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू झालं. मला वाचता येतं, पण अक्षरं जुळवत. मी काय शिकवणार? हिचे बाबा म्हणतात, आठवीला इंग्रजी माध्यमात घालू. जाऊबाई म्हणतात, क्लास लाव. मी आणखी एक व्याकरणाचं पुस्तक आणू का? कोणतं आणू? धाकटा चौथीत आहे, त्याचंही असंच होणार का?
– एक आई, बार्शी तालुका

उत्तर:

ताई, नमस्कार.

पत्रापेक्षा सोबतचं पान जास्त बोलकं आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळते. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देते, म्हणजे तुम्हाला अक्षरं जुळवत बसायला नको. लेकीने लिहिलंय ते असं:

‘टुडे इज संडे. आय ॲम गेट अप ॲट सेव्हन. माय मदर इज मेक पोहे. आय ॲम ईट पोहे. देन वुई आर गो टू फार्म. माय फादर आस्क टू मी, यू आर ब्रिंग वॉटर? आय हॅड ब्रॉट वॉटर. इन द इव्हिनिंग आय अँड माय ब्रदर प्लेड क्रिकेट. आय ॲम व्हेरी हॅपी.’

लाल गोल बरेच आहेत, कबूल. पण गोल मोजू नका, चुका मोजा. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं आणि सहाव्याचा शेवट, या सगळ्यांत चूक एकच आहे. तिने क्रियापदाच्या आधी ॲम, इज, आर यांतलं काहीतरी ठेवलंय. ‘आय गेट अप’ किंवा ‘आय गॉट अप’ हवं तिथे ‘आय ॲम गेट अप’. ती ‘आय’ म्हणजे मी असं शिकलीच नाही, ‘आय ॲम’ म्हणजे मी असं शिकली. तिचा दोष नाही. पहिलीपासून ‘आय ॲम अमुक’, ‘धिस इज अ कॅट’, ‘माय मदर इज काइंड’ एवढंच हजार वेळा घोकून घेतलेलं असतं. शिवाय मराठीत ‘आई पोहे करत आहे’ म्हणताना शेवटी ‘आहे’ येतंच, मग इंग्रजीत ‘इज’ घातल्याशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. मराठी शाळेतल्या निम्म्या मुलांच्या वहीत तुम्हाला हेच दिसेल.

नियम सांगायचा तर इतकाच: ॲम, इज, आर यांच्या शेजारी करण्याचा शब्द नुसता उभा राहत नाही. एकतर त्याला ‘इंग’ लागतं, ‘माय मदर इज मेकिंग पोहे’, म्हणजे आत्ता, या क्षणी करते आहे. नाहीतर ॲम-इज-आर निघून जातं, ‘माय मदर मेक्स पोहे’, म्हणजे नेहमी करते. हे तुम्हालासुद्धा तपासता येईल, इंग्रजी येत नसलं तरी. पेन्सिल घ्या, पानावरच्या प्रत्येक ॲम, इज, आरखाली रेघ मारा आणि पुढचा शब्द बघा. तो करण्याचा शब्द असेल आणि त्याच्या शेवटी आय-एन-जी नसेल, तर लेकीला फक्त म्हणा, ‘इथे बघ गं.’ दुरुस्ती ती करेल. तिला नियम माहीत आहे, दोन पुस्तकं सोडवलीत तिने! लिहिताना आठवत नाही, एवढंच.

दुसरी चूक ‘आस्क टू मी’. आपण मराठीत ‘मला विचारलं’, ‘आईला सांगितलं’ म्हणतो, आणि त्या ‘ला’च्या जागी मुलं ‘टू’ ठेवून देतात. ‘आस्क’ आणि ‘टेल’ यांना टू चालत नाही, ‘से’ला मात्र लागतो. याचं कारण विचारत बसण्यात अर्थ नाही. ‘आस्क मी, टेल मी, से टू मी’ हे तिन्ही एका दमात म्हणायची सवय लावा, पाढ्यासारखी.

आता ‘आय हॅड ब्रॉट वॉटर’. यालाही लाल गोल आहे. पण तिला एकदा विचारा, बाबांनी विचारलं तेव्हा पाणी आधीच आणून झालं होतं का? तसं असेल तर तिचं ‘हॅड’ अगदी बरोबर आहे आणि गोल चुकीचा. विचारल्यावर उठून आणलं असेल, तर ‘आय ब्रॉट वॉटर’ पुरे. मराठीत आपण ‘मी काल सोलापूरला गेले होते’ असं सहज म्हणतो, त्यात आधी-नंतरचा काही हिशेब नसतो. इंग्रजीत ते नुसतं ‘आय वेंट टू सोलापूर येस्टरडे’. ‘होतं’ दिसलं की ‘हॅड’ घालायचं, ही खोड मोठ्यामोठ्यांना असते, पदवीधरांनाही. तिला असली तर आत्ताच मोडेल.

‘फार्म’च्या आधी ‘द’ राहिलाय. राहू दे. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, त्यामुळे ते सगळ्यांत उशिरा बसतात. सातवीत त्यांच्यामागे लागून हाती काही पडत नाही.

आणि आता जे कोणी दाखवलं नसेल ते सांगते. नऊ वाक्यांपैकी तीन वाक्यं व्यवस्थित आहेत. पहिलं आणि शेवटचं पाठ केलेलं आहे, ते सोडून द्या. पण ‘प्लेड क्रिकेट’ हे तिचं स्वतःचं आहे. घडून गेलेली गोष्ट, भूतकाळ, बरोबर रूप. (‘माय ब्रदर अँड आय’ असा क्रम जास्त रीतीचा, पण ती शिष्टाचाराची बाब झाली.) म्हणजे मुलीला वाक्य करता येतं. ज्या मुलीला एक करता येतं तिला दहा करता येतील.

मग मार्क चांगले कसे पडतात? कारण पेपरात वाक्य बहुतेक वेळा तयार असतं. गाळलेली जागा भरा, जोड्या लावा, कंसातलं क्रियापद योग्य रूपात लिहा, ‘डू ॲज डायरेक्टेड’, म्हणजे सांगितल्याप्रमाणे वाक्य बदला. कोणता काळ हवा, नकारार्थी करायचं की प्रश्नार्थक, हे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. शिष्यवृत्तीच्या पेपरात तर इंग्रजीचे पंचवीस प्रश्न, चार-चार पर्याय, बरोबर तो गोल काळा करायचा. हे सगळं ओळखण्याचं काम आहे आणि त्यात ती पटाईत झाली आहे. कोऱ्या पानावर मात्र शब्दही तिनेच आणायचा, काळही तिनेच निवडायचा आणि क्रमही तिनेच लावायचा. तो सराव तिने केलेलाच नाही, आणि तो व्याकरणाच्या तिसऱ्या पुस्तकाने होणार नाही. ते आणू नका.

शब्दांकडे वळू. रोज दहा शब्द पाठ करणं बंद करा. मला खात्री आहे की तिच्या वहीत ‘मॅग्निफिसंट – भव्य’ आहे, ‘पेक्युलिअर – विचित्र’ आहे, आणि सोलणं, ओतणं, घडी घालणं, वाळत घालणं, उचलून ठेवणं यांना इंग्रजीत काय म्हणतात ते नाही. पोह्यांच्या वाक्यात ती ‘मेक’वर थांबली, कारण चिरणं, भिजवणं, परतणं तिच्याकडे नव्हतं. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज गृहस्थ ढाक्यात शिक्षकांना शिकवत असत. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय अडतं हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २००० शब्दांची यादी छापली, रोजच्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची. ती यादी चाळली तर एकही शब्द भारी वाटत नाही: गेट, पुट, कीप, ब्रिंग, टर्न, होल्ड. मुलांना वाटतं हे आपल्याला येतात. वाचताना येतात, लिहिताना हाताशी नसतात.

तेव्हा सुरुवात क्रियापदांपासून करा, आणि तीही हाताने करायच्या कामांच्या. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून दोघी मिळून यादी करा. तुम्ही काम मराठीत सांगायचं, तिने शब्द शोधायचा: पील, चॉप, सोक, पोअर, स्टर, फोल्ड, हँग, स्वीप, फिल. झाडांना पाणी घालण्याला ‘वॉटर’ हेच क्रियापद आहे हे कळल्यावर मुलांना मजा वाटते. ‘आय वॉटर्ड द प्लांट्स’, बस्स.

प्रत्येक शब्द वहीत एकटा लिहायचा नाही, घोळक्यासकट लिहायचा. ‘बाथ – आंघोळ’ असं नको, ‘हॅव अ बाथ’. ‘बस’ नको, ‘मिस द बस’. ‘होमवर्क’ नको, ‘डू माय होमवर्क’. इंग्रजीत चहा ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात. मराठीत दोन्हीकडे आपलं ‘करणे’च असतं, त्यामुळे अर्थ पाठ करून हे कधीच येणार नाही. शब्द जोडीदारासकट आला की ‘अ’ आणि ‘द’ची निम्मी कटकट आपोआप मिटते, तो दुसरा फायदा. आणि त्याच्या खाली एक वाक्य, तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं आणि खरं. ‘द किंग लिव्ह्ड इन अ पॅलेस’ नको. ‘माय ब्रदर मिस्ड द बस ऑन मंडे’ हवं, तोही खरंच चुकला असेल तर. खोटं वाक्य मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात. भावाची बस चुकल्याचं सहसा विसरत नाहीत.

किती शब्द? दिवसाला तीन-चार. कमी वाटतील, पण टिकतील.

ते टिकवायची युक्ती जुनी आहे. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये खोक्याची पद्धत सांगितली आणि आजची शब्दांची कितीतरी ॲप त्याच तत्त्वावर चालतात. तुम्हाला ॲप नको, चपलेचा खोका पुरे. घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच, त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्त्याएवढे तुकडे कापा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे करा. नवा पत्ता पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आला की दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. पुन्हा बरोबर आला की तिसऱ्यात, आठवड्याने. कुठेही चुकला की थेट पहिल्या कप्प्यात परत, काही दयामाया नाही.

यात एक गोष्ट मात्र उलटी करू नका. पत्ता नेहमी मराठी बाजूने धरायचा. ‘माझी बस चुकली’ वाचून तिने ‘आय मिस्ड द बस’ म्हणायचं. इंग्रजी बघून मराठी अर्थ सांगणं म्हणजे पुन्हा तेच ओळखणं झालं. आणि मराठी बाजूने धरला की पत्ता तुम्ही धरू शकता! मराठी तुम्ही वाचा, ती इंग्रजी म्हणेल, आणि मागचं इंग्रजी तुम्ही सावकाश अक्षरं जुळवून तपासा. तुम्ही जुळवेपर्यंत ती स्वतःच दोनदा म्हणून बघते, म्हणजे तुमच्या संथपणाचा इथे उपयोगच आहे.

वाक्यांच्या सरावासाठी माझा एक आग्रह आहे. अनेक शिक्षक माझ्याशी सहमत होणार नाहीत. शाळेत आधी साधा वर्तमानकाळ शिकवतात. घरी लिहिण्याचा सराव मात्र साध्या भूतकाळात सुरू करा. कारण सांगते. वर्तमानकाळात ‘आय मेक’ पण ‘शी मेक्स’, तो शेवटचा ‘एस’ मुलांचा जीव खातो. भूतकाळात ती भानगडच नाही. आय एट, शी एट, दे एट, सगळ्यांना एकच. आता आपल्या मराठीकडे बघा: मी आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, केळं खाल्लं, पोहे खाल्ले, करंज्या खाल्ल्या. खाणारी एकच, पण खाल्लेल्या वस्तूप्रमाणे क्रियापद पाच वेळा बदललं. हे सगळं तिला तिसरीच्या आधीपासून न चुकता येतं. त्या मानाने इंग्रजी भूतकाळ फारच सोपा आहे, हे तिला एकदा असं मांडून दाखवा. ‘इंग्रजी अवघड’ हे भूत थोडं तरी उतरेल. फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’ तेवढं सांभाळायचं.

खर्च एकच, अनियमित रूपं, म्हणजे ‘प्ले-प्लेड’सारखं नुसतं ‘एड’ लावून न होणारी. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं काढली तर दहाही अनियमित निघतात: बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, कम, सी ही त्यांतलीच. म्हणून ‘गो-वेंट-गॉन’ हे पाठांतर मी कधीच हसण्यावारी नेत नाही, ते करायलाच हवं. पण दीडशे नकोत. आधी तीस घ्या आणि त्यांची फक्त पहिली दोन रूपं. तिसरं रूप पुढे लागेल तेव्हा बघू.

रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही विचारायचं, मराठीतच, ‘आज काय काय झालं?’ तिने आधी मराठीत सांगायचं, मग त्यातली तीन वाक्यं इंग्रजीत लिहायची. तीनच. आधी तोंडाने म्हणायची, मग लिहायची. कोणी, काय केलं, काय, कुठे, कधी, या क्रमाने. ‘माय मदर बॉट टोमॅटोज इन द मार्केट धिस मॉर्निंग.’ मराठीत शब्द इकडचे तिकडे केले तरी विभक्ती वाक्य सांभाळून घेते: ‘भावाला कुत्रा चावला’, ‘कुत्रा भावाला चावला’, चावणारा कुत्राच. इंग्रजीत क्रम बदलला तर भाऊ कुत्र्याला चावेल. हे तिला लिहून दाखवा, हसेल आणि लक्षात ठेवेल.

तीन वाक्यं जमायला लागली, म्हणजे साधारण पंधरवड्याने, प्रत्येकाचे प्रश्न करायला सांगा. इथे तिची सहाव्या वाक्यातली चूक सुटते. बाबांना म्हणायचं होतं ‘पाणी आणलंस का?’ तिने लिहिलं ‘यू आर ब्रिंग वॉटर?’ मराठीत शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार होतो, म्हणून तिने नुसतं प्रश्नचिन्ह लावलं. इंग्रजीत ‘डिड’ पुढे येतो: ‘डिड यू ब्रिंग वॉटर?’ आणि ‘डिड’ आला की भूतकाळ त्याच्यात गेला, मागचं क्रियापद मूळ रूपात परत. ‘डिड यू ब्रॉट’ नाही, ‘डिड यू वेंट’ नाही. भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच. पुढे वर्तमानकाळात ‘डज’चंही हेच आहे: ‘शी मेक्स’, पण ‘डज शी मेक?’ तो ‘एस’ मेककडून उठून डूकडे गेला. हे एकदा नीट उमगलं की ‘डू ॲज डायरेक्टेड’मधले प्रश्नार्थक-नकारार्थीचे सगळे प्रकार एका फटक्यात सोपे होतात, वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

चुका दाखवताना हात आखडता घ्या. एका आठवड्यात एकाच चुकीवर बोट ठेवायचं. पहिले दोन आठवडे फक्त ‘ॲम-इज-आर’. त्या काळात ‘आस्क टू मी’ दिसलं तरी गप्प बसायचं. स्पेलिंग चुकलं तरी गप्प. तुम्हाला जड जाणार नाही, हिच्या बाबांना जाईल. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा. बोलताना मध्येच अडवलं की मूल पुढच्या वेळी एकाच सुरक्षित वाक्यावर येऊन थांबतं, ‘आय ॲम व्हेरी हॅपी’ आणि खेळ खलास.

वाचनाचं थोडक्यात. तिला सातवीचं पुस्तक वाचायला लावण्याआधी धाकट्याचं चौथीचं इंग्रजीचं पुस्तक वाचू दे, मोठ्याने, त्याला शेजारी बसवून. चौथीचं पुस्तक तिला न अडखळता वाचता येईल, आणि न अडखळता वाचलेली वाक्यंच कानात राहतात. त्यातलं एखादं वाक्य घेऊन माणसं आणि जागा बदलायच्या, वाक्याची ठेवण तीच ठेवायची. धाकट्याला फुकट मास्तरीण मिळते, त्याच्याबद्दलची तुमची भीतीही यातच थोडी मिटते. तिसरी-पाचवीची पुस्तकं घरात नसली तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची विनामूल्य मिळतात, मोबाइलवर उतरवून घ्या.

मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर भाषांतराच्या ॲपबद्दल. तिने आधी तीन वाक्यं स्वतः लिहायची आणि मग हवं तर ॲपला विचारून ताडून बघायची. उलट क्रम केला तर लिहिणारं ॲप आणि उतरवणारी ती. उच्चार ऐकायला मात्र मोबाइल खुशाल वापरू द्या.

माध्यम बदलू नका, निदान याच कारणासाठी तरी नको. गणित-विज्ञानाचं इंग्रजी तिच्या कानावर रोज पडतंच आहे. आठवीत सगळंच बदललं तर इतिहास-भूगोलही परका होईल, आणि वाक्य न येण्याचं दुखणं तिथेही सोबत जाईल. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्याही वह्या मी तपासल्या आहेत. ‘डिड यू वेंट’ तिथेही भरपूर असतं, फक्त ते जरा जोरात म्हटलेलं असतं. आणि पाचवीला एबीसीडी गिरवणाऱ्या तुमच्या पिढीशी तिची तुलना करू नका. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, ती सात वर्षं इंग्रजी ऐकते आहे. सामान तिच्याकडे आहे.

राहिला क्लास. ‘फाडफाड इंग्रजी’चे फलक लावणारे असतील तर नकोच. जाऊबाई म्हणतात तो क्लास चांगला असेलही. पैसे भरण्याआधी तिथे दोन महिने जाणाऱ्या एखाद्या मुलाची वही बघायला मागा. वहीत नुसत्या गाळलेल्या जागा भरलेल्या आणि फळ्यावरून उतरवलेले निबंध असतील, तर ते काम तुमची लेक घरी फुकटात करते आहे. मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेली, चुकलेली आणि मग स्वतःच दुरुस्त केलेली वाक्यं दिसली, तर बेलाशक लावा. आणि एका वेळी वर्गात मुलं किती बसतात तेही विचारा. चाळीस असतील तर तिच्या वाट्याला तासाभरात एक वाक्य येईल की नाही, शंकाच आहे.